दुसरं ‘नाही’

छापखान्यात तिला सगळे कानामात्रा म्हणायचे. खरं नाव हजेरीबुकात होतं, पण ते फोरमनलाही बोट ठेवून शोधावं लागे.

हे नाव पडलं ते पहिल्याच दिवशी. युद्ध सुरू होऊन वर्ष उलटलं होतं आणि छापखान्यातले चार जुळारी सैन्यात गेले होते. जुळारी म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून त्यांच्या ओळी लावणारा माणूस. त्या चौघांत तिचा थोरला भाऊ होता. झिजून बाद झालेले खिळे तो घरी आणायचा आणि त्यांवर त्याने बहिणीला हा उद्योग लहानपणीच शिकवला होता. तो गेल्यावर मालकांनी तिलाच बोलावून घेतलं. फोरमनच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“मालक, आज बाईमाणूस आणलंत. उद्या मांजर आणाल आणि म्हणाल, हिला फर्मा आवळायला शिकव.”

ती खाली मान घालून उभी होती, पण जीभ काही खाली बसेना. “दारावरच्या पाटीवर ‘छपाइ’ लिहिलंय,” ती म्हणाली. “ई दीर्घ हवी.”

मालक पोट धरून हसले. सतरा वर्षं ती पाटी तशीच लटकत होती. फोरमन हसला नाही. “आली मोठी कानामात्रा,” एवढंच म्हणाला, आणि ते तिला जन्माचं चिकटलं.

त्याने मारला होता टोमणा, तिने तो मिरवला. तिच्या हातून वेलांटी सुटत नाही अशी ख्याती झाली. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, आणि जुळारी ओळ वाचतो तीही खाली डोकं वर पाय अशी. सहा महिन्यांत तिला उलट-सुलट एकच झालं. समोर बसून कोणी पत्र वाचत असलं तर हिला पलीकडून सगळं कळायचं. शेजारणी हिच्यासमोर पाकीट फोडेनाशा झाल्या. आई म्हणायची, “बाई गं, तू लोकांच्या शेजारी बसत जा. समोर बसू नकोस.”

दुसऱ्या वर्षी तारमास्तर आला. तो सैन्यात बिनतारी यंत्रावर होता. दिवसदिवस कानाला ठोकळे लावून पलीकडच्यांचे संदेश टिपायचे हे त्याचं काम. पंधरा दिवसांच्या रजेवर येताना त्याने एक कादंबरी लिहून आणली होती, तीसुद्धा सैन्याच्या संदेशाच्या फॉर्मांवर, मागच्या कोऱ्या बाजूने. ‘दुसऱ्या चंद्रावरचा पहारा’ असं तिचं नाव. मालक पुस्तकंही काढायचे, आणि लढाईच्या गोष्टींना तेव्हा मागणी होती. सरकारी तपासनिसाने ती दोन दिवसांत परत पाठवली. “लढाई चंद्रावर आहे ना? मग खुशाल लढा,” म्हणाला. फक्त एक अट घातली: फॉर्म सरकारी आहेत, छापून झालं की सगळे मोजून परत करायचे.

अडचण होती ती अक्षराची. तारमास्तरचं अक्षर म्हणजे तारेचा गुंता. दोन जुळाऱ्यांनी हात टेकले. शेवटी मालकांनी त्यालाच कानामात्राच्या केसशेजारी स्टूल टाकून बसवलं. केस म्हणजे खिळ्यांच्या कप्प्यांची उतरती पेटी. तिच्यासमोर ही उभी, बाजूला तो बसलेला, असे त्यांचे दहा-बारा दिवस गेले.

“हे काय आहे? ‘देव’ की ‘दैव’?” पहिल्याच दिवशी तिने विचारलं.

“तुम्हाला काय वाटतं?”

“मला काही वाटत नाही. मला मात्रा किती ते सांगा. एक की दोन?”

तो इतका हसला की फोरमनने मान वर करून बघितलं. “एक,” तो म्हणाला. “त्या दोघांत फरक तेवढाच आहे, हे मात्र आजच कळलं.”

गोष्ट अशी होती. दोन ग्रहांमध्ये लढाई चालू आहे. एका ग्रहाच्या दुसऱ्या चंद्रावर सात सैनिकांचं ठाणं आहे, आणि त्यातल्या एकाचं काम फक्त ऐकणं. रोज ठरलेल्या वेळी त्याला कानात एक ठोका ऐकू येतो, घड्याळासारखा एकसारखा, दहा मिनिटं. साहेब म्हणतो, ही शत्रूची खूण, यंत्र तिकडे वळव आणि उडवून दे. हा वळवत नाही. त्या दहा मिनिटांत तो शत्रूला ऐकणं सोडतो आणि नुसता ऐकत बसतो. एकेक करून सहाही जण जातात. हा एकटा उरतो, आणि रोज त्या वेळेला कान देऊन बसतो.

“हे दहा मिनिटांचं कुठून काढलंत?” तिने विचारलं.

“आमच्या बाबांचं आहे ते.”

त्याचे वडील म्हणजे घड्याळजी. छापखान्याच्याच रस्त्यावर त्यांचं घड्याळं दुरुस्तीचं दुकान होतं. रोज सकाळी ते दुकानात शिरायचे, आतून कडी लावायचे, आणि भिंतीवरची चाळीस घड्याळं टिकटिकत असताना मधोमध डोळे मिटून, हात जोडून बसायचे. दहा मिनिटं. बाहेर गिऱ्हाईक तिष्ठत असलं तरी कडी निघायची नाही. रस्त्यावरचे लोक थट्टा करायचे की घड्याळजींचंच घड्याळ दहा मिनिटं मागे आहे.

“मी लहानपणी त्यांना विचारलं होतं,” तारमास्तर म्हणाला, “बाबा, पलीकडून कोणी बोलतं का? ते म्हणाले, बोलत नाही रे, पण ऐकतं.”

शेवटचा फॉर्म हातात आला तेव्हा ती अडली. शेवटची ओळ होती: ‘पलीकडे कोणी नाही असे नाही.’

“हे दोनदा ‘नाही’ चुकून पडलंय का?”

“नाही.”

“म्हणजे तीनदा झालं,” ती म्हणाली. “सरळ ‘पलीकडे कोणीतरी आहे’ लिहा ना. वाचणाऱ्याचा जीव भांड्यात पडेल.”

त्याने फॉर्म जवळ ओढला. “मी तिथे जे बघितलंय ना, त्यानंतर ‘आहे’ म्हणायची माझी छाती होत नाही. पण ‘नाही’ म्हणवतही नाही. बाबा ‘आहे’ म्हणतात. मला माझ्या कुवतीचं जे म्हणता येतं ते हे. दुसरं ‘नाही’ त्यांच्यासाठी आहे.” मग उठता उठता म्हणाला, “प्रुफं तिकडे पाठवता येणार नाहीत. तुम्हीच बघा. तुमच्यावर टाकून चाललोय.”

“वेलांटी सुटणार नाही,” ती म्हणाली.

तो गेला आणि महिन्याभराने शेवटचा फर्मा छापायचा दिवस उजाडला. फर्मा म्हणजे एका वेळी छापायची सोळा पानं. त्या काळात कागद मापून मिळायचा. या पुस्तकाला दहा फर्म्यांचा मिळाला होता, म्हणजे एकशेसाठ पानं, वर एक चिटोरा नाही. प्रूफ तपासून झालेलं होतं, मजकूर अक्षरन् अक्षर बरोबर होता. पण पानं बांधताना कानामात्राच्या लक्षात आलं की एकशेसाठावं पान ‘पलीकडे कोणी नाही’वर संपतंय, आणि ‘असे नाही.’ हे दोन शब्द एकशेएकसष्टाव्या पानावर एकटेच जाऊन बसलेत. ते पान तर नव्हतंच.

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. मागच्या पानांत कुठेतरी असा परिच्छेद शोधायचा ज्याच्या शेवटच्या ओळीत एकच शब्द आहे. वरच्या ओळींतल्या शब्दांमधल्या जागा बारीक करायच्या, तो शब्द वर ओढून घ्यायचा, की एक ओळ वाचते आणि सगळं वर सरकतं. तासाभराचं काम. तिला एकशेसत्तावन्नाव्या पानावर असा एक ‘होता.’ सापडलाही. तिने आधी ते दोन शब्द उचलून स्टिकमध्ये घेतले. स्टिक म्हणजे जुळाऱ्याच्या डाव्या हातातली पितळी पट्टी, तिच्यात ओळ लावतात. पानाची शेवटची ओळ सैल पडून खिळे सांडू नयेत म्हणून तिने ‘नाही’च्या पुढे तात्पुरता एक पूर्णविराम ठोकला. दुपारचे दोन वाजले होते. वीज चारला जाणार होती.

आणि भोंगा झाला.

विमानं आली की सगळ्यांनी कागदाच्या कोठाराखालच्या तळघरात उतरायचं असा नियम होता. भरलेली स्टिक जुळारी कधी खाली ठेवत नाही, हात लागून सांडली तर घातलेला वेळ मातीत जातो. घराला आग लागली तरी तो स्टिक घेऊनच पळेल. तीही तशीच उतरली. तळघरात तासभर ती अंधारात उभी होती आणि तिच्या हातात ते दोन शब्द होते.

विमानं आली नाहीत. सुटकेचा भोंगा झाल्यावर फोरमन सगळ्यांत आधी वर गेला. प्रूफ वाचणारे म्हातारे गृहस्थ गुडघ्यांनी अधू, त्यांना धरून जिना चढवता चढवता हिला उशीर झाला. ती वर पोचली तेव्हा यंत्राचा धडधडाट चालू झाला होता. फोरमनने बघितलं होतं ते एवढंच: एकशेसाठावं पान तळाला बरोबर संपतंय, शेवटी पूर्णविराम आहे, पुढच्या पानावर काही नाही. त्याने फर्मा आवळून यंत्रावर चढवला होता.

ती धावतच त्याच्याकडे गेली. तोंड उघडलंही होतं. पण तोच आधी बोलला.

“बसवलंस की गं,” तो म्हणाला. “मला वाटलं होतं, ओळ उरणार आणि तू रडत बसणार. पण बसवलंस. एकदा म्हणालो होतो बाईमाणूस, ते शब्द मागे घेतो.”

दीड वर्षात त्या माणसाने तिला चांगलं म्हटलं नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर ती भांडली असती, यंत्र थांबवायला लावलं असतं, चारच्या आत ओळ ओढून घेतली असती. शाबासकीशी मात्र भांडता येईना. दोन पावलांवर यंत्र होतं, दोन-चारशे कागद गेले असतील, अजून बरेच जायचे होते. ती हसली. हसली हे तिला पुढे आयुष्यभर आठवत राहिलं.

मनाशी म्हणाली, शुद्धिपत्र लावू. चार बोटांची चिठ्ठी, प्रत्येक प्रतीत एक. उद्या मालकांना सांगू. ते दोन शब्द तिने दोऱ्याने करकचून बांधले, कागदात गुंडाळले आणि खोकल्याच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ठेवले. उद्याचा परवा झाला. तपासनिसाच्या कचेरीचा माणूस येऊन सरकारी फॉर्म मोजून घेऊन गेला, त्यांचा म्हणे लगदा करायचा होता. प्रुफांचे कागद चहाच्या शेगडीत गेले, तेव्हा सगळेच जायचे. पुस्तकं बांधून तयार झाली, त्याच आठवड्यात तार आली की तारमास्तरचं ठाणं उडालं आणि तो बेपत्ता आहे. युद्धात बेपत्ता म्हणजे काय हे रस्त्यावरच्या कुत्र्यालाही कळत होतं. अशा वेळी दोन शब्दांचं गाऱ्हाणं घेऊन मालकांसमोर कोणी जायचं? तिने डबी केसच्या तळाच्या कप्प्यात सारली.

घड्याळजींना मालकांनी पुस्तक घरपोच दिलं. पाचव्या दिवशी ते छापखान्यात आले. सदरा धुतलेला, हातात कागदात गुंडाळलेलं पुस्तक. थेट तिच्या केसपाशी येऊन उभे राहिले.

“त्याचं अक्षर तुम्हालाच लागायचं, असं त्याने पत्रात लिहिलं होतं,” ते म्हणाले.

“हो, काका.”

“त्यात मी आहे. माझी दहा मिनिटं त्याने चंद्रावर नेली. मला वाटायचं, तो हसतो मला. हसत नव्हता.” त्यांनी पुस्तक उघडलं, शेवटचं पान काढलं आणि त्यावर बोट ठेवलं. पुस्तक त्यांच्या बाजूला सुलट होतं. तिला उलटं दिसत होतं, म्हणजे स्वच्छ दिसत होतं. “ही शेवटची ओळ. हीसुद्धा त्याच्याच हातची?”

शेजारच्या टेबलावरून फोरमनने मान वर केली. त्याला मदतच करायची होती. “काका, आमच्या कानामात्राच्या हातून वेलांटी इकडची तिकडे होत नाही. निर्धास्त राहा.”

फोरमन बघत होता, घड्याळजी बघत होते, आणि डबी तिच्या गुडघ्याजवळच्या कप्प्यात होती. नुसतं वाकायचं होतं.

“होतं तसं लावलं,” ती म्हणाली.

घड्याळजींनी मान हलवली, पुस्तक पुन्हा नीट गुंडाळलं आणि “उपकार झाले” म्हणून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर येताना घड्याळाचं दुकान उघडं होतं. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून कामाला बसलेसुद्धा होते. तिने छापखान्याच्या भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं लवकर. तिसऱ्या दिवशी तसंच. महिना झाला तरी तसंच. लोक म्हणाले, घड्याळजींचं घड्याळ एकदाचं सुधारलं. कोणीतरी त्यांना तोंडावर विचारलंही, तेव्हा ते म्हणाले होते, “पोराने मरणाच्या दारात उभं राहून बघितलं आणि कोणी नाही म्हणाला. मी दुकानात बसून काय त्याला खोटं पाडू?”

हे तिच्या कानावर आलं ते जेवणाच्या सुट्टीत. त्या दिवशी तिने डबा तसाच घरी नेला.

पुढची अकरा वर्षं ती रोज सकाळी त्या उघड्या दारावरून गेली. दुसरा रस्ता नव्हता असं नाही. युद्ध संपलं. भाऊ परतला, पण केसवर परतला नाही. बंदुकीने बोटं जड झाली म्हणाला आणि गोदामात कामाला लागला. फोरमन निवृत्त झाला आणि जाताना किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात देऊन गेला. नवे पोरगेले जुळारी तिला कानामात्राबाई म्हणू लागले. पुस्तकाचं मात्र अघटितच झालं. ‘पलीकडे कोणी नाही.’ ही ओळ तरुण पोरांनी डोक्यावर घेतली. वादविवादात म्हटली जाऊ लागली, भिंतींवर खडूने लिहिलेली दिसू लागली. देव मानणारे त्या पुस्तकाला शिव्या द्यायचे, न मानणारे छातीशी धरायचे. आणि हे दोघेही ज्या ओळीवरून भांडत होते ती ओळ लेखकाची नव्हती, तिच्या पूर्णविरामाची होती.

दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा ती धीर करून मालकांकडे गेली. सगळं सांगितलं. मालक आता थकले होते. ऐकून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“कानामात्रा, तुझ्यावर माझा विश्वास आहे,” ते म्हणाले. “पण हे मी लोकांना कशाच्या आधारावर सांगू? त्याच्या हातचं काही आहे?”

“नाही.”

“आणि शेवट तर पोरांना तोंडपाठ झालाय. आता बदलला तर म्हणतील, छापखान्याने देवभोळ्यांना भिऊन बदलला. मेलेल्या माणसाच्या तोंडात शब्द घातला म्हणतील.”

“काढला तो मी, मालक.”

“काढला तेव्हा कोणी बघितलं नाही. घालताना सगळे बघतील.”

दुसरी आवृत्तीही तशीच निघाली. तीही तिनेच लावली. या वेळी त्या ओळीतला पूर्णविराम तिने जाणूनबुजून ठोकला.

मग एक दिवस घड्याळाचं दुकान उघडलंच नाही. दहा मिनिटं लवकर नाही, दहा मिनिटं उशिराही नाही. घड्याळजींचा हात कापायला लागला होता आणि लेकीने त्यांना वरच्या खोलीत बसवलं होतं. त्याच सुमारास छापखान्यात नवी यंत्रं येणार म्हणून जुने खिळे वितळवायला काढले. तळाचा कप्पा रिकामा करताना डबी हाताला लागली. तिने ती पदराला बांधली आणि त्याच दुपारी घड्याळजींकडे गेली.

लेकीने वर नेलं, खुर्ची दिली आणि चहा टाकायला खाली गेली. घड्याळजी खिडकीशी बसले होते. खोलीत एकच घड्याळ होतं आणि तेही बंद होतं.

तिने एका दमात सांगितलं. एकशेएकसष्टावं पान, भोंगा, स्टिक, तळघर, फोरमनची शाबासकी. तारमास्तर स्टुलावर बसून काय म्हणाला होता ते जसंच्या तसं सांगितलं. दुसरं ‘नाही’ तुमच्यासाठी होतं, हेही. मग डबी उघडून दोऱ्याने बांधलेले खिळे त्यांच्या तळहातावर ठेवले.

घड्याळजींनी ते डोळ्यांजवळ नेले, लांब धरले. “मला काही वाचता येत नाही. उलटं आहे.”

“‘असे नाही.’ ‘पलीकडे कोणी नाही असे नाही.’”

“त्याचे कागद?”

“कचेरीने नेले. लगदा झाला.”

“प्रुफं?”

“जाळली.”

“तो हे बोलला तेव्हा आणखी कोण होतं तिथे?”

“मीच.”

“म्हणजे तुझ्या शब्दावर घ्यायचं.”

“हो, काका. माझ्या शब्दावर.”

ते खिळे तळहातावर खालीवर करत राहिले. चांगले कारागीर एखाद्या भागाचं वजन बघतात तसं. रागावले नव्हते. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

“पोरी,” ते शेवटी म्हणाले, “त्या दिवशी छापखान्यात तू हे म्हणाली असतीस ना, तर मी तिथल्या तिथे मानलं असतं. कागद मागितला नसता. मला तेव्हा न बघता मानायची सवय होती. रोजची दहा मिनिटं तालीम होती त्याची.” त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. “आता तीच मोडली. तू खोटं बोलतेस असं नाही म्हणत मी. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलत असशील, असं आपलं मनात येतं. येऊ नये म्हटलं तरी येतं.”

“मी नाही हो तशी बोलत.”

“मागेही तू म्हणाली होतीस, होतं तसं लावलं.”

लेक चहा घेऊन आली. तो तिघांनी घेतला. ती उठली तेव्हा घड्याळजींनी मूठ उघडली नाही.

“हे ठेवून जा,” ते म्हणाले. “शिसं आहे. कागद उडतात खिडकीतून, वर ठेवायला होईल.”

त्यानंतर ती दोनदा गेली. एकदा ते झोपले होते. एकदा त्यांनी तिला ओळखलं, हवापाण्याचं बोलले, आणि त्या गोष्टीचं नाव तिनेही काढलं नाही.

ते गेल्यावर महिन्याभराने लेक छापखान्यात आली. हातात डबी होती आणि भावाचं ते पुस्तक, पहिल्या आवृत्तीचं, अजून त्याच कागदात गुंडाळलेलं.

“तुमची डबी द्यायला आले,” ती म्हणाली. “आणि हे विचारायचं होतं. बाबा शेवटी शेवटी काय करत बसायचे कोण जाणे, बोटं शाईने भरलेली असायची. रागवायचे मी. दौत लपवून ठेवली तर शोधून काढायचे. आता आवरताना बघते तर पुस्तक सगळं खराब केलंय. हे बघा.”

तिने टेबलाच्या त्या बाजूला उभं राहून पुस्तक उघडलं. मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या कोऱ्या बाजूवर शाईचे डाग होते, वीस-पंचवीस तरी, काही नुसतेच गोळे, काहींत अर्धं अक्षर उमटलेलं, एखादा काना, एखादी मात्रा. कापणाऱ्या हाताने केलेले प्रयत्न. मग लेकीने एकशेसाठावं पान काढलं. शेवटच्या ओळीच्या खाली, तळाच्या कोऱ्या समासात, एकच ठसा होता. जरा तिरका, पण पुरता उठलेला.

“हे काय लिहिलंय तेच कळत नाही,” लेक म्हणाली. “खाली डोकं वर पाय आहे.”

कानामात्राला पुस्तक फिरवावं लागलं नाही. छापील ओळ तिच्याकडून उलटी होती, ठसा सुलट होता, आणि तिने दोन्ही सलग वाचलं. ते घड्याळजींनी मानून उठवलं होतं, की शब्द तिथे बसतात का हे कारागिराने नुसतं करून बघितलं होतं, हे विचारायला आता कोणी नव्हतं.

बसत मात्र होते. तळाच्या समासात चांगली दोन ओळींची जागा होती. मागची पानं चाळायची नव्हती, ‘होता’ वर ओढायचा नव्हता, कागदाचा तुकडाही लागला नसता. त्या एका पानाला एक ओळ जास्त लावली असती तर काम भागलं असतं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला ते दिसलं होतं. तिला अकरा वर्षांत सुचलं नव्हतं.

“वाचता येतंय का तुम्हाला?” लेकीने विचारलं.

“येतंय,” ती म्हणाली, आणि शेजारचं स्टूल ओढून तिला बसायला दिलं. “बस. सगळं सांगते.”